फोटो-संपादन आणि गेमिंगसाठी जुळवून घेतलेला संगणक : दिवाळी ते कासच्या हंगामापर्यंतचा अनुभव

गेल्या दिवाळीत सुटे भाग निवडून जुळवून घेतलेल्या संगणकाने आता लग्नसराई, उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही पाहिले आहेत, आणि कासच्या फुलांचा हंगाम संपत आला असताना त्याविषयी जबाबदारीने लिहावे इतका वापर नक्कीच झाला आहे. मी साताऱ्यात राहते, लग्नांचे फोटो काढते, पावसाळ्यात कास पठारावर फुलांचे फोटो काढते आणि रात्री काम आटोपल्यावर गेम खेळते. या दोन्हींसाठी मला एकच संगणक हवा होता. दुकानात ‘गेमिंग पीसी’ म्हणून जो तयार संच पुढे केला जातो, त्यात पैशाचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्ड आणि रंगीत दिव्यांवर खर्च झालेला असतो. माझे मत मात्र असे झाले आहे की, फोटोंवर पोट असलेल्याने आधी मॉनिटर, मग वीज, त्यानंतर रॅम व साठवण ठरवावी आणि उरलेल्या पैशांत बसेल ते कार्ड घ्यावे.

मॉनिटरपासून सुरुवात करते, कारण फोटो आणि गेम यांच्या गरजा सर्वांत जास्त तिथेच एकमेकींना छेद देतात. माझ्या आधीच्या लॅपटॉपचा पडदा ४५ टक्के एनटीएससी (रंगक्षमतेचे एक माप) या प्रतीचा होता, म्हणजे साध्या एसआरजीबी (पडद्यांसाठीचा नेहमीचा रंगसंच) रंगांपैकीही जेमतेम दोन तृतीयांश रंग तो दाखवू शकत असे. हळदीच्या कार्यक्रमाचे फोटो त्यावर उघडले की नवरीच्या गालावरची ओली हळद, वाळून पापुद्रा धरलेली हळद आणि मागची झेंडूची माळ हे सगळे एकाच सपाट पिवळ्या रंगात दिसायचे, आणि मी अंदाजाने सुधारणा करत राहायचे. नव्या मॉनिटरवर हे तीन पिवळे तीन वेगळे रंग म्हणून दिसतात. तो २७ इंची, आयपीएस पॅनेलचा (रंग चांगले दाखवणारा प्रकार), २५६० बाय १४४० पिक्सेलचा आणि सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा, म्हणजे १६५ हर्ट्‌झचा आहे. ४के घेण्याचा मोह होता. परंतु ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात आणि १४४० च्या पडद्यावर सुमारे ३७ लाख, म्हणजे गेम खेळताना कार्डावर सव्वादोन पट भार आला असता आणि त्या भारासाठी कार्ड आणखी महाग घ्यावे लागले असते. ओएलईडी मॉनिटर गेमसाठी उत्तम दिसतात, हे मान्य आहे. पण लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या कडेच्या पट्ट्या तासन्‌तास एकाच जागी स्थिर राहतात आणि ओएलईडीवर अशा स्थिर चित्रांचा कायमचा ठसा उमटण्याचा धोका असतो, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

मॉनिटरइतकेच महत्त्वाचे निघाले ते त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे रंग आणि प्रखरता मोजून नेमकी करणे. पडद्यावर ठेवून रंग मोजणारे छोटे उपकरण मी त्याच वेळी घेतले. पडदा कारखान्यातून येतो तो डोळे दिपवणाऱ्या प्रखरतेवर, आणि अशा पडद्यावर बेताचा उजेड देऊन पाठवलेला अल्बम छापून येतो तेव्हा काळपट दिसतो. दोष लॅबवाल्याला दिला जातो. प्रखरता प्रति चौरस मीटर ११० कॅन्डेलाच्या आसपास आणि शुभ्रता डी६५ (दिवसाच्या उजेडाचे प्रमाणित पांढरे) वर आणल्यापासून छापील अल्बम आणि पडदा यांच्यातला फरक इतका कमी झाला आहे की, आता मी नमुना प्रिंट मागवल्याशिवायही अल्बम पाठवते. एक गोष्ट मात्र समजून घेतली पाहिजे : कॅलिब्रेशनमधून तयार होणारी रंगांची फाइल लाइटरूम आणि फोटोशॉप मानतात, बहुतेक गेम मानत नाहीत. त्यामुळे विस्तृत रंगक्षमतेच्या पडद्यावर गेममधल्या माणसांचे चेहरे लालबुंद दिसतात. यासाठी मॉनिटरमध्येच एसआरजीबी मोड असणे आवश्यक आहे आणि त्या मोडमध्ये प्रखरता कमी-जास्त करता येते की नाही, हे खरेदीपूर्वी तपासले पाहिजे, कारण काही मॉनिटर ती कुलूपबंद करून टाकतात.

प्रोसेसर एएमडी रायझन ७ ७७०० आहे : ८ कोअर, १६ थ्रेड, ६५ वॅट. गेमसाठी ७८००एक्स३डी सुचवणारे पुष्कळ भेटले, आणि त्यातली ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) गेममध्ये खरोखर उपयोगी पडते. ७७०० मध्ये ती ३२ एमबीच आहे. परंतु १४४० पिक्सेलच्या पडद्यावर मध्यम किमतीचे कार्ड असताना बहुतेक गेमचा वेग प्रोसेसर नव्हे तर कार्ड ठरवते, आणि फोटो निर्यात करण्याच्या कामात त्या जादा कॅशचा म्हणावा तसा फायदा होत नाही. वाचलेले पैसे मी मॉनिटरकडे वळवले. एएम५ सॉकेट (मदरबोर्डावरची प्रोसेसरची खाच) घेण्यामागे पुढचा विचार होता : २०२२ मध्ये आलेल्या या सॉकेटवर २०२४ चे रायझन ९००० मालिकेतले प्रोसेसरही बायोस (मदरबोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून बसतात, म्हणजे काही वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलून भागेल. सोबत आलेला कूलर पुरेसा आहे. मे महिन्यात दुपारी मोठी निर्यात लावली की त्याचा आवाज खोलीभर होतो, म्हणून पुढच्या उन्हाळ्याआधी मोठा टॉवर कूलर बसवण्याचा विचार आहे.

रॅमच्या बाबतीत एकच सांगणे आहे : सुरुवातीलाच दोन मोठ्या पट्ट्या घ्याव्यात, ‘आता दोन लहान, नंतर आणखी दोन’ असे करू नये. ७००० मालिकेच्या या प्रोसेसरवर दोन पट्ट्यांसाठी अधिकृत वेग डीडीआर५-५२०० आहे, तर चारही खाचा भरल्या की तो ३६०० वर येतो. मी ३२ जीबीच्या दोन, म्हणजे एकूण ६४ जीबी घेतली. २४ मेगापिक्सेलचा एक फोटो १६ बिटमध्ये फोटोशॉपला उघडला की एकेका थरालाच सुमारे १४४ एमबी लागतात. कासच्या पठाराची सात-आठ फोटो जोडून केलेली रुंद चौकट आणि तिच्यावरचे थर धरले, तर ३२ जीबी पटकन भरते. केवळ गेमसाठी मात्र ३२ जीबी भरपूर आहे.

जुळवणी घरीच केली, भाच्याच्या मदतीने. सगळे बसवून पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला. मिनिट गेले, दोन गेली. ‘मावशी, बोर्ड गेला वाटतं. करू का बंद?’ असे म्हणत त्याने बटणाकडे हात नेला आणि मी त्याला थांबवले, कारण डीडीआर५ रॅम पहिल्या वेळी मदरबोर्डाशी जुळवून घेताना काही मिनिटे घेते, हे मी आधीच वाचले होते. थोड्या वेळाने बायोसचा पडदा आला. नव्याने जुळवणी करणाऱ्यांनी हा वेळ धीराने जाऊ द्यावा; मध्येच वीज तोडली की ती प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

साठवणीसाठी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी विंडोज, लाइटरूमचा कॅटलॉग आणि प्रीव्ह्यूसाठी आहे, २ टीबीची दुसरी चालू कामासाठी व गेमसाठी आणि जुन्या कामासाठी ८ टीबीची साधी हार्ड डिस्क. दोन्ही एसएसडी पीसीआयई ४.० (मदरबोर्डाशी जोडणीची पिढी) च्या आहेत, ५.० च्या घेऊन फोटोंच्या कामात हाती लागणारा फरक जाणवण्याजोगा नसतो. त्यापेक्षा आतल्या चिपचा प्रकार टीएलसी की क्यूएलसी हे पाहणे अधिक गरजेचे आहे. एका लग्नाच्या दोन कॅमेऱ्यांची कार्डे आणि चित्रफिती मिळून दोन-अडीचशे जीबी सहज होतात, आणि एवढी मोठी नक्कल एका दमात उतरवताना स्वस्त क्यूएलसी ड्राइव्हची कॅश भरली की लिहिण्याचा वेग साध्या हार्ड डिस्कच्या पातळीला किंवा त्याच्याही खाली येऊ शकतो. याशिवाय सर्व मूळ फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, दुसऱ्या घरी ठेवलेली आहे.

आता ग्राफिक्स कार्ड. फोटोंच्या कामात कार्डाचे फारसे काम नसते, हे मत काही वर्षांपूर्वीपर्यंत योग्य होते; एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये फोटोतला दाणेदारपणा काढणारे एआय डिनॉइज आले आणि ते बदलले. ऑगस्टमध्ये कासवर दिवसाढवळ्या धुके उतरते, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले नखाएवढी असतात, वारा थांबत नाही, आणि शटरचा वेग राखण्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० वर न्यावा लागतो, त्याने फोटो दाणेदार होतो. अशा फोटोतील दाणेदारपणा काढताना जुन्या लॅपटॉपला एकेका फोटोमागे कित्येक मिनिटे लागत. आता वीस सेकंदांच्या आत काम होते आणि पाकळीवरच्या बारीक शिरा पुसल्या जात नाहीत. घेतलेले कार्ड आरटीएक्स ४०७० आहे, १२ जीबी मेमरीचे. १६ जीबीचे ४०६० टीआय स्वस्त होते आणि मेमरी जास्त असल्याने आकर्षकही वाटत होते, परंतु त्याची मेमरी बस (मेमरीतून डेटा जाण्याची वाट) १२८ बिटची आणि बँडविड्थ, म्हणजे तो जाण्याचा वेग, सेकंदाला २८८ जीबी आहे, तर ४०७० ची बस १९२ बिटची आणि बँडविड्थ ५०४ जीबी आहे. १४४० वर हा फरक गेममध्ये स्पष्ट कळतो. ‘सायबरपंक २०७७’ सारखा जड गेम डीएलएसएस (कमी पिक्सेलांचे चित्र एआयने मोठे करण्याची सोय) लावून सुरळीत चालतो. ‘फोर्झा होरायझन ५’ तर बहुतेक सर्व सेटिंग वरच्या ठेवूनही अडखळत नाही. ड्रायव्हर मी एनव्हीडियाचा ‘स्टुडिओ’ प्रकारचा, म्हणजे संपादनाच्या सॉफ्टवेअरसाठीचा, ठेवला आहे. गेमही त्यावर व्यवस्थित चालतात.

या कार्डाबद्दल तक्रार एकच. गेमच्या मेनूत फ्रेमची संख्या काही शेकड्यांवर गेली की कार्डातून बारीक किणकिण ऐकू येते. बनवणाऱ्या कंपनीच्या मते हा दोष वॉरंटीत बसत नाही, आणि एवढ्या किमतीच्या वस्तूबाबत असे उत्तर मिळणे मला पटलेले नाही. ड्रायव्हरमधून फ्रेमची मर्यादा १४४ ठेवल्यावर आवाज जवळपास बंद झाला.

विजेविषयी थोडे जास्त लिहावे लागेल, कारण आपल्याकडे वळवाच्या पावसात आणि गडगडाटात वीज जाते-येते तेव्हा दाबही वर-खाली होतो, आणि परदेशी परीक्षणांत या गोष्टीचा उल्लेखही नसतो. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) ७५० वॅटचा, ८० प्लस गोल्ड या कार्यक्षमतेच्या दर्जाचा आहे. कार्ड २०० वॅट, प्रोसेसर पूर्ण भाराला ८८ वॅट आणि बाकी सगळे मिळून प्रत्यक्ष गरज साडेतीनशे ते चारशे वॅटच्या आसपास जाते. निम्म्या भारावर एसएमपीएस थंड आणि शांत चालतो. घरात असलेला ६०० व्हीएचा यूपीएस यासाठी उपयोगाचा नव्हता, कारण त्याची खरी क्षमता ३६० वॅट होती. व्हीए हा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि वॅटचा बारीक अक्षरांत. पाहायचा तो वॅटचा. सध्याचा ११०० व्हीएचा यूपीएस ६६० वॅटचा आहे आणि मॉनिटरसह पाच-सात मिनिटे देतो, तेवढ्यात कॅटलॉग बंद करून संगणक नीट थांबवता येतो. हे सगळे घेण्याआधी वायरमनला बोलावून खोलीची अर्थिंग तपासून घेतली. त्याने प्लगमधली तार उघडून दाखवली : ती भिंतीच्या आत कुठेच जोडलेली नव्हती. ती दुरुस्त झाल्यावर कॅबिनेटला हात लावताना जाणवणारी झिणझिण मला या संगणकावर एकदाही जाणवलेली नाही, जी जुन्या यंत्रावर नेहमीची होती.

कॅबिनेट पुढून जाळीचे आणि धुळीचे फिल्टर काढून धुता येतील असे आहे. काचेच्या बंद तोंडाची कॅबिनेटे दिसायला देखणी असतात, पण उन्हाळ्यात त्यांच्यात हवा खेळत नाही. एप्रिल-मेमध्ये फिल्टर दर पंधरवड्याला धुवावे लागले, पावसाळ्यात तसे लागले नाही.

खर्च कमी करायचा असेल तर ७७०० ऐवजी ६ कोअरचा ७६०० आणि ४०७० ऐवजी ४०६० घेता येईल; गेममध्ये काही सेटिंग खाली आणाव्या लागतील आणि डिनॉइजला थोडा अधिक वेळ लागेल, अल्बमच्या दर्जात फरक पडणार नाही. खरेदी मी काही साताऱ्यातून आणि काही पुण्याच्या तपकीर गल्लीतून केली. प्रत्येक भागाचे जीएसटी बिल वेगळे घेतले आणि त्यावर अनुक्रमांक लिहून घेतला. एका दुकानाने ‘बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील’ असे सुचवले. तिथून काहीच घेतले नाही, कारण एसएसडीची वॉरंटी पाच वर्षांची आहे आणि ती मागताना पहिल्यांदा बिलच विचारतात.