५०० चिप्सचा पोकर सेट, ओमाहावाल्यांनी आधी वाचा

महिन्यातून एकदा आम्ही सहा जण पत्ते कुटायला बसतो, पैसे वगैरे काही लावत नाही, नुसत्या चिप्स. आधी होल्डेम (हातात दोन पानं मिळणारा पोकर) चालायचं, मग एकाने ओमाहाचं (चार पानं मिळणारा पोकर) खूळ आणलं आणि आता दोन पानांवर खेळायला कुणी तयारच होत नाही. म्हणून हा सेट घेतला, ॲल्युमिनियमची पेटी, ५०० चिप्स, पत्त्यांचे दोन कॅट आणि डीलरचं बटण.

एक चिप ११.५ ग्रॅमची, म्हणजे नुसत्या चिप्सच पावणेसहा किलो झाल्या, आणि पेटीचं हँडल तिसऱ्याच वेळी एका स्क्रूवर लोंबायला लागलं. खोक्यावर क्ले लिहिलंय पण क्ले बिले काही नाही, प्लास्टिकच्या आत लोखंडी चकती आहे, लोहचुंबक लावा, चिकटतं. हाताला मात्र बऱ्या लागतात, पॉट, म्हणजे डावात जमलेला चिप्सचा ढीग, ओढताना खळखळाट मस्त होतो.

पैसे वसूल झाले ते पत्त्यांवर. पूर्ण प्लास्टिकचे आहेत आणि चार रंगांचे, इस्पिक काळं, बदाम लाल, चौकट निळी, किलवर हिरवं. पहिल्यांदा बघून सगळ्यांनी नाकं मुरडली, हे काय पोरांचे पत्ते आणलेस म्हणून. पण ओमाहात हातात चार पानं येतात आणि त्यातली दोनच वापरायची, एक नाही की तीन नाही, आणि बाकी तीन टेबलावरची, सगळ्यांच्या सामाईक पानांतली, आणि हेच ऐन वेळी डोक्यातून जातं. जुन्या कॅटवर खेळताना एकदा टेबलावर चार इस्पिक पडली, आमच्या दादाकडे इस्पिकचा एक्का, त्याने फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) म्हणत पॉट ओढायला पण घेतला आणि शेजारचा शांतपणे म्हणतो, दादा दुसरं इस्पिक दाखव की. दुसरं निघालं किलवर! दोन्ही काळीच ना. आता असं होत नाही, हिरवं लगेच डोळ्यात भरतं. शिवाय पत्ते ब्रिज साइजचे आहेत, नेहमीच्या ६३ मिमीऐवजी ५७ मिमी रुंद, त्यामुळे चार पानं एका हातात नीट मावतात. फक्त निळा जरा जास्तच गडद छापलाय, पिवळ्या दिव्याखाली चौकट काळी वाटते, पांढरा दिवा लावून खेळा.

खरी तक्रार चिप्सच्या वाटणीची. पांढऱ्या, म्हणजे सगळ्यात छोट्या, १५० च आहेत, सहा जणांत प्रत्येकी २५. साध्या ओमाहाला चालून जातं पण हाय-लो खेळायला घेतलं की बोंब. त्यात अर्धा पॉट मोठ्या हाताला आणि अर्धा लहानाला, लहान म्हणजे आठ किंवा त्याखालची पाच वेगवेगळी पानं, आणि दोघांचा लहान हात सारखाच निघाला तर त्या अर्ध्याचेही दोन भाग. मग सुट्ट्यासाठी रड सुरू, डाव दोन मिनिटांचा आणि हिशोब पाच मिनिटांचा. शेवटी आम्ही शर्टाची बटणं वापरली.

नियमांचा कागद फक्त होल्डेमचा. पॉट लिमिटबद्दल (पॉटएवढंच वाढवता येतं त्या मर्यादेबद्दल) एक ओळ नाही, म्हणजे पॉटमध्ये १०० असताना समोरच्याने ५० लावले तर तुम्ही जास्तीत जास्त २५० टाकू शकता (५० कॉल केल्यावर, म्हणजे बरोबरी केल्यावर, पॉट २०० आणि तेवढंच वर रेझ, म्हणजे वाढ) हे मलाच दर वेळी बोंबलून सांगावं लागतं.

पाचपैकी साडेतीन. पांढऱ्या चिप्स सुट्या कुठे मिळतात का, माहीत असेल तर सांगा.