28 लिटरची सॅक आणि कँडी ते एल्लाची खच्चून भरलेली गाडी : दोन वर्षं वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

सॅकचे रिव्ह्यू वाचले की सगळीकडे फोटो घरात सोफ्यावर ठेवून काढलेले असतात आणि खाली लिहिलेलं असतं मस्त क्वालिटी, पाच स्टार. मला खरा प्रश्न होता की उभं राहायला जागा नाही अशा गाडीत पाच-सहा तास ही सॅक सांभाळता येते का, आणि त्याचं उत्तर कुठेच मिळालं नव्हतं म्हणून हे सविस्तर लिहितेय. डिसेंबर 2023 मध्ये घेतली, तीन हजारांच्या आत मिळाली, आणि पहिलाच मोठा प्रवास फेब्रुवारी 2024 मध्ये श्रीलंकेचा झाला, मी, आई आणि धाकटी बहीण. कंपनीचं नाव देत नाहीये कारण पुढे एक तक्रार पण आहे आणि तशीही ह्या आकाराची, ह्या पद्धतीची सॅक चार-पाच कंपन्या बनवतात, तेव्हा नावापेक्षा काय बघायचं ते महत्त्वाचं.

आधी गाडीबद्दल, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. कोलंबो फोर्ट ते बादुल्ला हा डोंगरातून जाणारा मार्ग साधारण 290 किलोमीटरचा आहे, इंग्रजांनी आधी कॉफी आणि मग चहा खाली बंदरापर्यंत आणायला बांधला, कँडीपर्यंत 1867 ला पोचला आणि बादुल्लापर्यंत पोचायला 1924 उजाडलं. कँडी ते एल्ला हा तुकडा जगभरच्या टुरिस्टना करायचा असतो. पण ही काही टुरिस्टांची गाडी नाही, ती तिथल्या लोकांची रोजची गाडी आहे, मळ्यात काम करणाऱ्या बायका, कॉलेजची मुलं, सुट्टीला घरी निघालेले सैनिक, सगळे त्याच डब्यात. रिझर्व्हेशन 30 दिवस आधी उघडतं आणि बघता बघता संपतं, आमचं पण हुकलंच. एका एजंटने तिकिटं नक्की मिळवून देतो म्हणून सांगितलं होतं आणि आदल्या रात्री जमलं नाही म्हणाला. मग उरतो तो सेकंड किंवा थर्ड क्लासचा अनरिझर्व्ड डबा, ज्याचं तिकीट त्याच दिवशी स्टेशनवर खिडकीवर मिळतं आणि कितीही जणांना मिळतं. त्यात आम्ही दिवस निवडला तो पोयाच्या आदला. श्रीलंकेत दर महिन्याच्या पौर्णिमेला पोया म्हणून सरकारी सुट्टी असते, ती ह्या वेळी शुक्रवारी आली होती म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी, आणि डिसेंबर ते मे श्रीपाद ह्या पवित्र डोंगराच्या यात्रेचा सीझन असतो त्यामुळे त्यासाठी वाटेतल्या हॅटन स्टेशनला उतरणारे यात्रेकरू वेगळेच. हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. तुम्ही तारीख ठरवायच्या आधी पोयाचं कॅलेंडर बघाच, एप्रिलमधलं त्यांचं नवीन वर्ष पण टाळा.

सकाळची कोलंबोहून येणारी पोडी मेनिके नावाची गाडी कँडीला आली तीच भरलेली. दारात माणसं, खिडकीतून हात बाहेर, आणि प्लॅटफॉर्मवर आमच्यासारखे अजून दोनशे तरी. माझ्याकडे ही 28 लिटरची सॅक, आईकडे खांद्याला अडकवायची छोटी पर्स, आणि बहिणीकडे चाकांची ट्रॉली, मोठी नाही, विमानात केबिनमध्ये नेतो तेवढीच.

मी सॅक पाठीवरून काढून पुढे छातीवर घेतली आणि चढले. म्हणजे चढले असं म्हणायचं, मागच्या लोकांनी आत नेलं. इथे पहिली गोष्ट लक्षात आली की ही सॅक पुढे लावली तरी माझ्या हनुवटीच्या खाली राहते आणि मला खाली पायरी दिसते, कारण तिची उंची साधारण 45 सेंटिमीटर आहे. आधीची माझी 45 लिटरची होती ती पुढे घेतली की पाय दिसायचेच नाहीत. गाडीची पायरी आणि प्लॅटफॉर्म ह्यांच्यात फट असते, मागून रेटा असतो, अशा वेळी पाय दिसणं ही साधी गोष्ट नाही. पाठीवर सॅक घेऊन चढणाऱ्या एका परदेशी मुलाची सॅक मागे दाराच्या दांड्यात अडकली आणि तो अर्धा आत अर्धा बाहेर, लोकांनी ओढून घेतलं म्हणून बरं. आणि बहिणीची ट्रॉली दारातच अडकली, तिला ना उचलता येईना ना सोडता येईना, शेवटी आतल्या एका मुलाने ती खिडकीतून घेतली आणि लोकांच्या डोक्यावरून रॅकवर पोचवली. त्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, जणू रोजचंच काम.

हॅटनपर्यंत आम्ही उभ्याच. किती दाटी होती तर पाय उचलला की परत त्याच जागी ठेवता येईल ह्याची खात्री नाही. गर्दीवर काम केलेले जॉन फ्रुइन नावाचे एक अमेरिकन इंजिनिअर होते, त्यांचं म्हणणं असं की एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वागायला लागते, एकाचा धक्का लाटेसारखा शेवटपर्यंत जातो आणि एकट्या माणसाच्या हातात काही उरत नाही. दाराजवळ अगदी तसंच होत होतं, प्रत्येक वळणाला सगळे एकदम डावीकडे मग सगळे उजवीकडे. ह्यात छातीवरच्या सॅकचा असा उपयोग झाला ज्याचा मी घेताना विचारच केला नव्हता, तिच्यात वर मऊ कपडे भरलेले होते आणि दोन्ही हात मी तिच्यावर आडवे ठेवले होते त्यामुळे छातीसमोर वीतभर जागा कायम माझी राहिली, श्वास कोंडला नाही. फक्त सॅकमध्ये पुढच्या बाजूला कडक काही ठेवू नका, माझा डबा होता तो बरगडीला टोचायला लागला, मग पेरादेनिया स्टेशन गेल्यावर कसाबसा खाली सरकवला.

आता सॅकच्या गोष्टी. सगळ्यात आवडलेली म्हणजे बाजूची मूठ. वर तर सगळ्यांनाच असते, हिला उजव्या बाजूलाही शिवलेली आहे, त्यामुळे आडवी उचलून लोकांच्या पायांमधून सरकवता येते, रॅकवर ठेवलेली एका हाताने ओढता येते. हे कोणत्याच जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं पण मी म्हणेन आधी हेच बघा. दुसरं, पूर्ण पेटीसारखी उघडते आणि त्याशिवाय वर एक छोटा वेगळा कप्पा आहे. गर्दीत पेटीसारखं उघडणं शून्य कामाचं, ते हॉटेलवर. पण वरचा छोटा कप्पा, ज्यात एकच हात जातो आणि न बघता वस्तू सापडते, त्याने आम्हाला वाचवलं. आईच्या गोळ्या, ओआरएसची पुडी, रुमाल, तिकिटं, सुट्टे पैसे सगळं तिथेच. आईला बीपी आहे, आणि अशा डब्यात टॉयलेटपर्यंत जाणं अशक्य असतं म्हणून ती पाणीच प्यायली नव्हती सकाळपासून, हॅटनच्या पुढच्या नानुओया स्टेशनच्या आधी तिला गरगरायला लागलं. तेव्हा सॅक खाली ठेवून उघडत बसायला जागा कुठे होती. पाणी बंद करू नका, घोट घोट प्यायला द्या, आपल्या आईवडिलांना अशा प्रवासाला नेत असाल तर हे प्लीज लक्षात ठेवा.

तिला बसायला जागा दिली ती एका बाईंनी, मांडीवर बाळ असताना. बहिणीने त्यांना थँक्यू म्हटलं तर म्हणाल्या अक्का म्हण. सिंहलीत पण मोठ्या बहिणीला अक्काच, आई ते ऐकून इतकी खूश झाली की पुढचा तासभर दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. उतरायचं असेल तेव्हा बहिनवा, बहिनवा असं म्हटलं की लोक वाट करून देतात, म्हणजे उतरतोय. हा शब्द पाठ करून जा, इंग्रजी एक्सक्यूज मीपेक्षा कितीतरी पटकन चालतो.

न आवडलेल्या गोष्टी. पट्ट्यांची टोकं फार लांब आहेत, सगळीकडे लोंबत राहतात. एक टोक शेजारच्या मुलीच्या बॅगेच्या बक्कलमध्ये गुंतलं आणि ती उतरताना मी पण दोन पावलं ओढली गेले. मी घरी आल्यावर ती गुंडाळून रबर लावलेत, तुम्ही जायच्या आधीच करा. कमरेचा पट्टा काढता येतो, तो काढूनच टाका, गर्दीत त्याचा उपयोग नाही. बाटलीचा जाळीचा खण बाहेर आहे, तो इतका सैल की बाटली दोनदा खाली पडली, शेवटी बाटली आत. आणि अँटीथेफ्ट म्हणून पाठीला लागून एक लपवलेली कप्प्याची चेन दिलीय, ती सॅक पाठीवर असताना सुरक्षित, पण पुढे लावली की ती आपल्याच पोटाकडे जाते आणि आपल्यालाच हात घालता येत नाही. पासपोर्टसाठी ठीक, सारख्या लागणाऱ्या वस्तूंसाठी नाही. आरएफआयडी ब्लॉकिंग (कार्डातली माहिती दुरून वाचता येऊ नये म्हणून लावलेलं अस्तर) वगैरे लिहिलेलं असतं त्यासाठी पाचशे रुपये जास्त देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, गर्दीत चोरी हाताने होते.

कापड 420 डेनियरचं नायलॉन आहे. डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा म्हणजे धागा जाड. दारं, पत्रे, रॅकच्या कडा सगळीकडे घासली पण फाटली नाही, शिलाई कुठे उसवली नाही, चेन अजून एका बोटाने सरकते. पावसाचं कव्हर तळाला घडी करून आहे, ते पट्टीपोलाला लागलं, हे 1891 मीटरवरचं त्यांच्याकडचं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन, तिथे अचानक ढग खिडकीतूनच आत आले आणि सगळं ओलं. पण तक्रार आहे ती आतल्या कोटिंगची. दुसऱ्या पावसाळ्यात आतला प्लास्टिकसारखा थर चिकट होऊन पोपडे निघायला लागले, कपड्यांना लागतात. हे पॉलियुरेथेनचं कोटिंग असतं आणि दमट हवेत ते हळूहळू सडतंच, बंद कपाटात ठेवलं की अजून लवकर. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की वॉरंटी फक्त शिलाई आणि चेनची. दोन वर्षांत असं व्हायला नको होतं, मला खरंच वाईट वाटलं. एक स्टार तिथे गेला.

दाराबद्दल एक बोलायचंय. एल्लाच्या फोटोंमध्ये सगळे दारात लटकलेले असतात आणि बहिणीलाही तसा फोटो हवा होता, मी नाही काढू दिला आणि अजूनही मला ते बरोबर वाटतं. ह्या मार्गावर चाळीसहून जास्त बोगदे आहेत, कडे आणि झाडं अगदी हाताला लागतील इतकी जवळ. छातीवर पाच-सहा किलोची सॅक असताना तोल पुढेच असतो, त्यात आतून एक धक्का पुरे. दारात उभं राहायची वेळ आलीच तर सॅक आतल्या बाजूला पायांमध्ये ठेवा आणि दांडा धरा, फोन खिशात.

नानुओयाला बरेच जण उतरले आणि आम्हाला तिघींना बसायला मिळालं. सॅक सीटखाली आडवी बसते, उभी नाही, मांडीवर घेतली तर त्यावर हात टेकून झोपता येतं, आई झोपलीच. वडेवाले चढले, शाळेच्या जुन्या वहीच्या कागदात गुंडाळलेले डाळीचे वडे, गरम होते, खूप बरं वाटलं. परत येताना आम्ही एक शहाणपणा केला, एल्लाहून न चढता आदल्या दिवशी बादुल्लाला गेलो, तासाभराचा प्रवास आहे, वाटेत नऊ कमानींचा पूल लागतो आणि देमोदराला रूळ गोल फिरून त्याच स्टेशनच्या खालून जातात. गाडी सुटते तिथूनच बसलं की रिकामा डबा मिळतो, हे इतकं सोपं आहे आणि आम्हाला जाताना सुचलं नाही. मात्र नोव्हेंबर 2025 च्या दित्वा वादळात डोंगरातल्या ह्या मार्गाचं खूप नुकसान झालंय, त्यामुळे आता जाणाऱ्यांनी गाड्या कुठपर्यंत धावतायत ते आधी बघून घ्या.

बहिणीने त्या प्रवासानंतर ट्रॉली घरीच ठेवायला सुरुवात केली. तिच्या मनाला जे लागलं ते दाराशी अडकणं नव्हे, तर तिच्या ट्रॉलीसाठी एका आजोबांनी रॅकवरची आपली भाजीची पोती काढून पायाशी घेतली आणि तसेच दोन तास उभे राहिले ते. तिने पण हीच सॅक घेतली, निळ्या रंगात.

पाचपैकी चार. 28 लिटरमध्ये आठवड्याचे कपडे बसतात का विचाराल तर चार दिवसांचे बसतात, बाकी धुवायचे. भरून साडेपाच किलोच्या वर नेऊ नका, त्यापुढे मान दुखते. आणि दुकानात घेताना आरशासमोर पाठीवर लावून बघण्यापेक्षा आत थोडं सामान भरायला सांगा, छातीवर लावा आणि दुकानाचा जिना एकदा उतरून बघा. खालची पायरी दिसली तर घ्या.