पित्तनलिकेचा कॅन्सर: टीएलएस गाठीच्या आत की गाठीभोवती?

पॅथॉलॉजी रिपोर्टवर नुसतं ‘टीएलएस आहे’ लिहिणं अर्धवट आहे. टीएलएस (टर्शरी लिम्फॉइड स्ट्रक्चर) म्हणजे लिम्फ नोडबाहेर, आजारी भागातच वसलेली प्रतिकारपेशींची वस्ती: मध्ये बी पेशी, कडेने टी पेशी, पूर्ण पक्व असेल तर मधोमध फिकट जर्मिनल सेंटर, म्हणजे बी पेशी वाढतात तो भाग.

यकृतातल्या पित्तनलिकांच्या कॅन्सरमध्ये जागाच निर्णायक. 2022 मधल्या मोठ्या अभ्यासात गाठीच्या आत भरपूर टीएलएस असलेले रुग्ण जास्त जगले. गाठीभोवतीच्या यकृतात त्या दाट असलेले कमी. म्हणून दोन्हींची बेरीज करून एकच आकडा देऊ नये.

भोवतालची मोजणी जास्त फसवते. जुना हिपॅटायटिस किंवा पित्तनलिकेत खडे असतील तर पोर्टल ट्रॅक्टमध्ये (यकृतातल्या रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका जातात त्या पट्ट्यांत) लिम्फोसाइटचे, म्हणजे बी-टी पेशींचे, पुंजके तसेही असतात. शंका आली की सीडी 20 (बी पेशी दाखवणारा रंग), सीडी 3 (टी पेशी दाखवणारा) लावावं. सीडी 21 ने फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशींचं जाळं उजळलं तर फॉलिकल (बी पेशींचा गोल पुंजका) खरं.

आतल्या मोजणीची अडचण वेगळी: नमुना. सुईच्या बायोप्सीचा धागा जेमतेम 1 मिलिमीटर रुंद, त्यात टीएलएस सापडली नाही म्हणजे गाठीत नाही असं होत नाही. ऑपरेशनचा तुकडाच हवा. पण जत-आटपाडीहून मिरजेच्या लॅबला येणारा मोठा तुकडा अखंडच बुडवलेला असेल, तर फॉर्मेलिन (तुकडा टिकवणारं द्रावण) आत पोचेपर्यंत मधला भाग खराब होतो, आणि नेमकं तिथंच बघायचं असतं. कडांना शाई लावून 1 सेंटिमीटरच्या चकत्या पाडाव्यात, तुकड्याच्या दसपट 10 टक्के फॉर्मेलिन घालावं, 6 ते 72 तास ठेवावं. गाठ आणि यकृत यांची सीमा एकाच मेणाच्या ब्लॉकमध्ये घ्यायला विसरू नये.