काकांनी एकदाही फॉरवर्ड केला नाही असा पिक्चर: क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड

आमचे काका खानापूर भागात लाइनमन होते, आता रिटायर. इंग्लिश पिक्चर म्हटलं की कुरकुर, पण ह्यातला हिरो लाइनमनच आहे म्हटल्यावर चष्मा पुसून बसले की पुढं.

स्टीवन स्पीलबर्गचा १९७७ चा, परग्रहवाले पृथ्वीवर येतात त्याचा पिक्चर. अख्ख्या गावची लाइट गेलीय, हा लाइनमन हिरो रॉय रात्री गाडी थांबवून नकाशात रस्ता शोधतोय, मागनं एका गाडीचे लाइट येतात, हा न बघताच हात हलवून 'जा पुढं' करतो आणि तो ड्रायव्हर शिवी हासडून जातो. थोड्या वेळानं परत मागनं लाइट, परत ह्याचा हात, आणि ते लाइट बाजूनं जायचं सोडून सरळ वर जायला लागतात! काका म्हणाले, "आयला, वर चढली की रे."

मला आवडलं ते वेगळंच. फ्रेंच शास्त्रज्ञ झालाय फ्रान्स्वा त्रुफो, तो स्वतःच मोठा डायरेक्टर, आणि त्याच्या दुभाष्याचं मूळ काम नकाशे काढायचं. बाजारात कन्नड, घरात मराठी, असले अर्धे दुभाषे आमच्यात घरटी एक सापडतील, म्हणून तो लगेच ओळखीचा वाटला. पण परग्रहवाल्यांपुढं ह्यातली कुठलीच भाषा चालत नाही, तिथं जॉन विल्यम्सचे पाच सूर. माणसं सिंथेसायझरवर वाजवतात, त्यांचं यान ट्यूबाच्या (तोंडानं फुंकायचं मोठं पितळी वाद्य) भसाड्या आवाजात असं उत्तर देतं की काच फुटते. ना धमकी, ना लढाई. हेच सूर आधी भारतात शेकडो माणसं गाताना दाखवलीत, कुठनं ऐकलं विचारल्यावर सगळ्यांची बोटं एकदम आभाळाकडं, अंगावर काटा आला. आणि तो सीन शूट झालाय आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात, पिक्चरमध्ये मात्र उत्तर भारत म्हणून खपवलाय!

मध्ये जरा रेंगाळतो. रॉय जेवताना ताटातल्या बटाट्याचा डोंगर करत बसतो, पोरगं बापाकडं बघून रडतंय, तिथं काकू उठल्याच. शेवटाला तर "तीन पोरं टाकून चालला व्हय हा?" म्हणाल्या, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

बघायचा तर १९९८ ची डायरेक्टर्स कट बघा, १९८० च्या आवृत्तीत यानाच्या आतलं दाखवून मजा घालवलीय. आणि मोबाइलवर नको, त्या ट्यूबाचा आवाज तेवढ्याशा स्पीकरला झेपत नाही.