स्कॅनर की मल्टिमीटर?

जुन्या पेट्रोल पिकअपचा चेक इंजिन दिवा लागला आणि पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड जास्त आला, की फोंड्यापासून म्हापशापर्यंत सल्ला एकच: धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदल. थांबा जरा.

गाडीला जोडलेला स्कॅनर दोन मिनिटांत बिघाडाचा कोड देतो. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. पण कोड नुसती तक्रार सांगतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टचा पाइप गंजून फुटला असेल (आपल्या खाऱ्या हवेत त्यात नवल ते काय!) तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल वाढवतो. कोड म्हणतो पेट्रोल कमी, धुरात मात्र कार्बन मोनॉक्साइड वाढलेला. इथे नवा सेन्सर घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

मल्टिमीटरचं काम किचकट. गाडीखाली शिरावं लागतं. इंजिन गरम करून सेन्सरच्या सिग्नलच्या वायरवर व्होल्टेज पाहायचं. साध्या झिर्कोनिया सेन्सरचा आकडा साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली व्हायला हवा. एकाच जागी चिकटला, तर इंजिनाची व्हॅक्यूमची नळी क्षणभर काढा, म्हणजे जादा हवा आत शिरेल. आकडा झटकन खाली आला तर सेन्सर जिवंत आहे.

स्कॅनर उसना चालेल. मल्टिमीटर मात्र मी स्वतःचाच घेईन.