मोफत विधी सेवा: ताईच्या जमिनीच्या कामाचा अनुभव (5 पैकी 4 स्टार)

लई दिवस झालं लिहीन लिहीन म्हणायलो होतो, आज बसलोच. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, तिथं गरिबाला फुकट वकील मिळतो, त्याबद्दल सांगायचंय. आमच्या गावात तर असं काही असतं हेच कुणाला माहीत नव्हतं, मलाबी नव्हतं.

माझे दाजी 3 वर्षांखाली वारले. दोघं नवरा-बायको कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे, त्या पैशातून दाजींनी स्वतःच्या नावावर दीड एकर रान घेतलं होतं. ते गेल्यावर दोन महिन्यांतच ताईच्या दिरानं परस्पर वारस नोंद करून आणली, त्यात नाव फक्त सासूचं. ताई नाही, दोन्ही पोरी नाहीत. विचारायला गेलो तर म्हणतात पोरी काय लग्न होऊन जाणार, जमीन कशाला पाहिजे. आन ताईचं हाल असं की नवरा गेला म्हणल्यावर मुकादम पूर्ण उचल (आगाऊ पैसे) देत नाही, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, बाई एकटी म्हणजे अर्धा कोयता. घरी रान नाही, उसाच्या फडात अर्धी मजुरी, आन पदरात नववीतली आन सहावीतली पोर.

आधी आम्ही एक खाजगी वकील धरला होता, 12 हजार दिले, वर्षभर तारीख तारीख करत नुसत्या चकरा, कागद काय दाखल झाला ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग गावातल्या आशाताईनं सांगितलं की 15100 ला फोन लावा, फुकट नंबर आहे. लावला, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आन तालुक्याच्या कोर्टात समितीकडं जा म्हणून सांगितलं.

गेल्यावर माझा पहिला प्रश्न हाच की उत्पन्नाचा दाखला लागंल का, कारण तहसीलला त्याच्यासाठी दोन दिवस जातात. तर तिथल्या ऑफिसातल्या बाई म्हणल्या बाईमाणसाला उत्पन्नाची अटच नाही. 1987 चा कायदा आहे, त्यात महिला, लहान लेकरं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, जेलमधले कैदी, एवढंच काय दुष्काळात, पुरात, भूकंपात सापडलेला माणूस, ह्या सगळ्यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो. बाकीच्यांना आपल्या राज्यात वर्षाला 3 लाखाच्या आत उत्पन्न पाहिजे. हे ऐकून मला लई वाईट वाटलं, आपल्या मराठवाड्यात दुष्काळ काय, पूर काय, किल्लारी काय, काय बघितलं नाही लोकांनी, आन ही गोष्ट आपल्याला कुणी सांगतच नाही.

एक गोष्ट मी विसरू शकत नाही. अर्ज भरून झाला, ताईनं सवयीनं अंगठा पुढं केला. तर त्या बाईंनी शाईचा डबा बाजूला सारला आन म्हणल्या, माय, सही येती का तुला? ताई म्हणली चौथीपर्यंत शिकलेय पण हात थरथरतो. थरथरू दे म्हणल्या, जागा भरपूर आहे. ताईनं पाच मिनिटं लावून नाव लिहिलं, तोवर मागं लाईन थांबलेली, पण कुणी घाई केली नाही.

मग पॅनलवरच्या, म्हणजे समितीच्या यादीतल्या, वकील मॅडम मिळाल्या. त्यांनी सातबारा आन फेरफाराची (जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीची) नक्कल बघून पहिल्याच दिवशी सांगितलं की दाजींची स्वतःची खरेदी आहे, म्हणजे हिंदू वारसा कायद्यानं बायको, दोन पोरी आन सासू असे चार सारखे वाटे. दिराचा काही संबंधच नाही. सासूचा हक्क आहे हे मला आधी पटलं नव्हतं, पण मॅडम म्हणल्या कायदा तिलाबी देतो, ते सोडायला लावू नका. बरोबरच होतं त्यांचं.

दावा न टाकता दाखलपूर्व म्हणून लोकअदालतीत, म्हणजे तडजोडीनं मिटवायला, प्रकरण ठेवलं. दिराला आन सासूला नोटीस गेली. पहिल्या तारखेला दीर आलाच नाही, दुसऱ्याला येऊन नुसता ओरडला, तिसऱ्या वेळेला सासूच बोलली की पोरींच्या तोंडचा घास मला नको. 60 गुंठ्यांपैकी ताईचे आन पोरींचे मिळून 45, सासूचे 15. तसा निवाडा झाला. लोकअदालतीच्या निवाड्याला कोर्टाच्या हुकुमाची किंमत असते आन त्यावर अपील नसतं, म्हणजे दीर आता वरच्या कोर्टात अपील करून लटकवू शकत नाही. फी, टायपिंग, नकला, आमचा एक रुपया लागला नाही.

एक स्टार कापला तो तारखांसाठी. दसऱ्यानंतर आमच्याकडची गावंच्या गावं कारखान्याला जातात, आन मधली एक तारीख नेमकी त्यातच पडली. ताईला फडातून रात्रभर प्रवास करून यावं लागलं, चार दिवसांची मजुरी गेली. ऊसतोडीच्या भागात तरी ह्या लोकांच्या तारखा हंगामाच्या आधी धरायला पाहिजेत. आम्ही तसं लिहून दिलंय.

जाताना आधार, मृत्यूचा दाखला, सातबारा, फेरफाराची नक्कल आन जे काय जुने कागद असतील ते सगळे न्या, ओरिजिनल देऊ नका, झेरॉक्स द्या. वकील पैसे मागत असंल तर तिथंच तक्रार करता येते, पॅनलच्या वकिलाला पक्षकाराकडून पैसे घेता येत नाहीत.

सध्या ताईचा फेरफार तलाठ्याकडं टाकलाय, 15 दिवसांची नोटीस चालू आहे. सातबाऱ्यावर तिघींची नावं चढली की इथंच सांगतो.