म्युझिक प्लेअर, एक उन्हाळा काढल्यानंतर: चार तारे होते, आता अडीच

पहिल्या आठवड्यात मी याला चार तारे दिले होते, ते काढून घेतोय. कंपनीचं नाव लिहीत नाही. काळी पेटी, उजव्या अंगाला आवाजाचं चाक, साडेनऊ हजार. ज्यांनी घेतलाय ते एवढ्यावर ओळखतील. डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी) चिप कोणती, किती बिट, हे डब्यावर छापलेलं आहेच. आवाज चांगला आहे. बास गुळमुळीत नाही, झांजा टोचत नाहीत, वायरवाल्या हेडफोनला पुरेसा जोर मिळतो. माझी तक्रार दोन गाण्यांच्या मध्ये जे होतं त्याची आहे.

मे महिन्यात बॅटरी फुगली. उन्हात ठेवला नव्हता, घरात पुस्तकांच्या फळीवर होता, पण नागपूरच्या मेमध्ये घरातली फळी म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. मागचं झाकण एका कोपऱ्यातून उचललं गेलं; नखानं दाबलं की बसायचं, सोडलं की पुन्हा वर. वॉरंटी वर्षाची, बॅटरीला मात्र सहाच महिने, हे कार्डाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात. सीताबर्डीतल्या सर्व्हिस काउंटरवर दिला, त्यांनी मुंबईला पाठवला, बॅटरी आणि मजुरीचे बावीसशे घेतले. परत आला तेव्हा पावतीवर एक ओळ जास्तीची होती: सॉफ्टवेअर अपडेट केले. मी मागितलं नव्हतं, पण पैसे लावले नाहीत म्हणून खूश झालो.

घरी येऊन पिंक फ्लॉइड या इंग्रजी रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम लावला. हृदयाचे ठोके, घड्याळं, हसणं, मग ती किंकाळी चढत चढत जाते आणि तिच्या टोकावर 'ब्रीद'चा पहिला सूर पडतो. निदान १९७३ पासून तरी पडत आलाय. माझ्या प्लेअरवर किंकाळी टोकाला गेली, आणि काही नाही. अर्धा सेकंद ठार शांतता. मग 'ब्रीद' सुरू. वहिनी शेजारी बसल्या होत्या, त्या पेटी वाजवतात. म्हणाल्या, "सम यायच्या तोंडावर तबलजीनं हात उचलला जणू."

मेनूत जाऊन पाहिलं. गॅपलेस, म्हणजे दोन गाण्यांत खंड न पाडण्याची सोय: ऑन. बंद करून पुन्हा चालू केलं, फॅक्टरी रिसेट केलं, मेमरी कार्ड बदललं. ऑनच आहे, आणि गॅपही आहे.

आमच्याकडे हा किरकोळ मामला नाही. रविवारी सकाळी तर्री पोहे झाले की फ्लॉइडचा सर्वोत्तम अल्बम कोणता यावर वाद होतो. कैक वर्षं तोच वाद, निकाल लागावा अशी कोणाची इच्छाही नाही. मी 'डार्क साइड'वाला. वहिनी 'विश यू वर हिअर'. दादा 'अ‍ॅनिमल्स'च्या खाली उतरत नाही. भाचा 'द वॉल', कारण वय तसं आहे. या प्लेअरनं त्या वादात पाचवा माणूस होऊन तोंड घातलं.

हिशेब करा. माझ्या सीडीवर 'डार्क साइड'चे दहा ट्रॅक. एलपीची बाजू बदलायची ती जागा सोडली तर आठ सांधे, आणि त्यातले निम्मे तरी असे की गाणं कुठे संपलं हे कान सांगूच शकत नाही. 'अस अँड देम'मधून 'एनी कलर यू लाइक'मध्ये जाताना तर ठोक्यावर ठोका आहे. 'ब्रेन डॅमेज' आणि 'इक्लिप्स'ही तसंच. आठही ठिकाणी माझ्याकडे खड्डा. 'विश यू वर हिअर'मध्ये ट्रॅक पाचच, पण 'हॅव अ सिगार' संपताना सगळा बँड एकदम आकसून जुनाट रेडिओतून आल्यासारखा होतो आणि पुढचं गाणं त्याच रेडिओची खुंटी फिरवत सुरू होतं. गॅप नेमका तिथे. 'वॉल'चे सव्वीस ट्रॅक, त्याबद्दल न बोललेलं बरं. त्याच्या शेवटी एक आवाज अर्धं वाक्य बोलतो आणि उरलेलं अर्धं अल्बमच्या अगदी सुरुवातीला आहे. भाच्याला ते गोल फिरवून ऐकायचं असतं. आता वाक्याच्या मधोमध प्लेअर दम खातो.

आणि 'अ‍ॅनिमल्स'? त्यातलं 'डॉग्स' एकटं सतरा मिनिटांचं, पुढची दोन दहा-अकरा मिनिटांची, दोन टोकांना दोन चिमुकली गाणी. बिघडायला फारसं काही नाहीच. दादाला हे कळलं आणि तो सुटला. "अबे, तुझा मून तुकड्या-तुकड्यानं उगवून राहिला. माझी कुत्री बघ, सतरा मिनिटं एका दमात भुंकून राहिली." 'डॉग्स'चं मूळ गाणं ते १९७४ मध्येच दुसऱ्या नावानं स्टेजवर वाजवत होते, म्हणजे पक्कं मुरलेलं आहे, हा त्याचा जुना मुद्दाही त्यानं उगाळला. वहिनींनी त्याला एका वाक्यात बसवलं: ज्या अल्बममध्ये बँडच्या कीबोर्डवाल्या रिक राइटच्या नावावर एकही गाणं नाही, तो सर्वोत्तम कसा? खरं आहे, १९७७ च्या त्या रेकॉर्डवर राइटला लेखनाचं श्रेय कुठेच नाही आणि गिटारवाल्या गिलमोरला फक्त 'डॉग्स'मध्ये वाटा. याउलट 'द ग्रेट गिग इन द स्काय' राइटचं. 'अस अँड देम'ची चालही त्याचीच, मुळात इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनीच्या सिनेमासाठी केलेली आणि तिथे नाकारलेली. दादा म्हणे, नाकारली ते उगीच नाही. पुढचं लिहीत नाही.

पुन्हा काउंटरवर गेलो. तिथल्या पोराला गॅप सांगितला तर तो म्हणतो, "सर, गाणं संपल्यावर गॅप येणारच ना." हेडफोन दिले, किंकाळीपासून ऐकवलं. त्यानं पूर्ण 'ब्रीद' ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, "गाणं मस्त आहे." मग आतून सिनिअर आले. त्यांचं म्हणणं, फाइलमध्येच सायलेन्स असतो, एमपीथ्रीत तसंच होतं.

हे अर्धवट ज्ञान फार ठिकाणी ऐकायला मिळतं म्हणून थोडं सविस्तर. एमपीथ्रीची फाइल ११५२ सॅम्पलच्या (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं माप) चौकटींत बसवलेली असते. सीडीच्या एका सेकंदात ४४,१०० सॅम्पल, म्हणजे एक चौकट साधारण २६ मिलिसेकंदांची. गाणं काही चौकट मोजून संपत नाही, म्हणून उरलेली जागा शांततेनं भरतात, शिवाय सुरुवातीलाही थोडी भर पडते. पण त्यानं बारीक उचकी लागते, अर्ध्या सेकंदाचा खड्डा पडत नाही. आणि माझ्या फाइल फ्लॅक आहेत. फ्लॅकमध्ये सीडीवर जितकी सॅम्पल तितकीच, एक कमी नाही, एक जास्त नाही. 'ब्रीद'ची फाइल जिथे सुरू होते तो आधीच्या फाइलच्या शेवटानंतरचा लगेचचा क्षण आहे. प्लेअरनं पहिली संपायच्या आधी दुसरी उघडून तयार ठेवायची, एवढंच काम. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तो पहिली पूर्ण बंद करतो, मग दुसरी शोधायला निघतो. त्याच फाइल, तेच कार्ड, एप्रिलमध्ये बिनतक्रार वाजत होतं. सिनिअरना हे सांगितलं. जुनं सॉफ्टवेअर परत टाकता येत नाही, असं उत्तर आलं. कंपनीला मेल केला, तर फॅक्टरी रिसेट करून बघा. या टप्प्यावर मी एक तारा ठरवला होता.

पावसाळ्यात आणखी एक अपडेट आलं. गॅप कमी झाला, गेला नाही. आता शांततेऐवजी 'टक्' होतं. एरवी कदाचित लक्षातही आलं नसतं. मेमध्ये कूलर धडधडत असताना तर सुरुवातीचे ठोके ऐकू येत नाहीत, टक् कुठून येणार? पण दिवाळीच्या सुमारास कूलर बंद होतात, रात्री घर निपचित होतं, आणि ते टक् नेमकं 'इक्लिप्स'च्या उंबरठ्यावर येतं.

उपाय भाच्यानं काढला, फुकटात. लॅपटॉपवर एका मोफत सॉफ्टवेअरनं सगळा अल्बम जोडून एकच फाइल केली. त्रेचाळीस मिनिटं, एक ट्रॅक. सांधाच नाही तर गॅप कुठून येणार? किंकाळीच्या टोकावर सूर पडला. पडताना ऐकला आणि मी दादाकडे पाहिलं.

तोटा असा की मधलं गाणं निवडता येत नाही. चाक फिरवून अंदाजानं पुढे जावं लागतं, आणि प्लेअर बंद केला की जागा विसरतो, पुन्हा पहिल्यापासून. पण याचा एक फायदा मला घ्यायच्या वेळी सुचणंच शक्य नव्हतं. दादा 'डार्क साइड' ऐकताना कायम 'ऑन द रन' उडवायचा. "सिंथेसायझरची घरघर" म्हणायचा. आता उडवता येत नाही. विमान कोसळून स्फोट होतो, धूर विरतो आणि त्या धुरातून 'टाइम'ची घड्याळं टिकटिकू लागतात, ते त्याला सलग ऐकावं लागलं. घड्याळं एकदम वाजली तेव्हा तो दचकला. मत बदललं का? नाही. फक्त "हे ठीक आहे" म्हणाला. एवढ्या वर्षांत मला त्याच्याकडून मिळालेलं हे सर्वांत मोठं दान.

तर दीड तारा वाढवून अडीच. अर्धा नव्या बॅटरीचा, ती मूळच्यापेक्षा जास्त चालते, उरलेला एक आवाजाचा. ज्यांना सुटी गाणी, भावगीतं, सिनेमाची गाणी ऐकायची आहेत त्यांना हा प्लेअर चालेल, फक्त पाच-सहा हजारांत मिळाला तर. फ्लॉइड, येस, जेनेसिस असे बँड ऐकणाऱ्यांनी दुकानातच दोन जोडगाणी लावून बघावीत. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्यावं. सर्व्हिसला देताना कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून द्या की सॉफ्टवेअरला हात लावू नये, आणि त्यांची सही घ्या.

माझा विकायला काढलाय. दादा दोन हजारांला मागून राहिला, 'अ‍ॅनिमल्स'पुरता बस्स आहे म्हणतो. बावीसशेची तर नुसती दुरुस्ती झाली आहे, तीनच्या खाली सोडणार नाही.